घासलेटात धुतलेले ब्रेक

गॅरेजमधले किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. जुन्या गाड्यांचे निघालेले नट-बोल्ट कोपऱ्यातल्या तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकत जावेत तसे. कुठला कुठल्या गाडीचा, कुणाला आठवत नाही, आणि फेकायचा जीवही होत नाही. आमच्या शहागंजच्या गॅरेजमध्ये असे दोन डबे आहेत, आणि दोघंही दिवसाला आठ-आठ चहा पितात!

पहिला डबा म्हणजे मुनीर उस्ताद. गॅरेज त्यांचं. वय साठीच्या पुढं. जीप सोडून दुसऱ्या गाडीला ते गाडी म्हणत नाहीत. दुसरा डबा म्हणजे आमचे आप्पा, म्हणजे माझा बाप. मिलिटरीच्या लिलावातली एक जीप घेऊन ते कन्नड ते चाळीसगाव सवारी मारतात. मधे घाट. जीप बिघडली की साठ किलोमीटर येऊन ती उस्तादच्याच दारात उभी करणार. दुसरा मिस्त्री त्यांना चालत नाही.

या दोघांचे किस्से ऐकलेत तर एक गोष्ट ध्यानात येईल. त्यांच्या किश्श्यात शेवटी ब्रेक लागतो. लागणारच! ज्यांचा लागला नाही ते सांगायला येत नाहीत.

म्हणून हे किस्से मी सांगतोय. मी सोपान. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलेला, उस्तादच्या भाषेत 'इंजिनेर साब'. तुम्ही हसा, हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. दिवसातून दोनदा घाट उतरणारी जीप, मागं अकरा माणसं, स्टेअरिंगवर माझा बाप, आणि ब्रेक कधी दगा देईल याचा नेम नाही. मी हे सगळं हसत बघितलेलं नाही.

*

आप्पांची जीप फोर-व्हील ड्राइव्ह. चिखलात रुतली तर पुढची चाकंही जोर लावतात, त्यासाठी गिअरच्या शेजारी एक वेगळा दांडा असतो. त्या दांड्याचा आप्पांना लई अभिमान. नव्या सवारीला ते आधी दांडा दाखवणार, मग सीट.

मी सुट्टीला वस्तीवर गेलो होतो. आमच्या वस्तीच्या अलीकडं ओढा आहे. जीपमध्ये तलाठी भाऊसाहेब, पाटलांकडचे दोघं पाहुणे आणि मी. ओढ्यात गाडी बसली. आप्पांनी मिशीवरनं हात फिरवला.

"बसा निवांत भाऊसाहेब. आता बगा मिलिटरीचा जोर!"

दांडा ओढला. मागची चाकं गरगर फिरली आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर चिखलाची नक्षी उमटली. पुढची चाकं ढिम्म! आप्पांनी परत ओढला. परत नक्षी.

मी खाली वाकून बघितलं. पुढच्या चाकांकडं जोर नेणारा लोखंडी शाफ्टच जागेवर नव्हता.

"आप्पा, पुढचा शाफ्ट कुठंय?"

"काढला. उगं डिझेल खातो."

"कधी?"

"घेतली तवाच."

"मग मघापासून दांडा कशाला ओढताय?"

"सवारीला धीर येतो!"

भाऊसाहेबांसकट सगळ्यांनी गुडघाभर चिखलात उतरून गाडी ढकलली. घरी गेल्यावर शाफ्ट सापडला. गोठ्यात उभा पुरलेला, वर म्हैस बांधलेली. मी म्हटलं, आत्ता उपसतो आणि बसवतो.

आप्पा भडकले. "अन् म्हैस कुठं बांधू?"

*

डिझेल वाचवायचं हे आप्पांचं व्यसनच. घाटाच्या तोंडाशी आले की गाडी न्यूट्रलमध्ये टाकणार. ते त्याला 'न्यूटल' म्हणतात. मग सगळा भार ब्रेकवर.

त्याच सुट्टीत उस्तादनी आप्पांच्या जीपच्या चारही चाकांच्या ब्रेकचं काम केलं होतं. ब्रेकच्या सिलिंडरात छोट्या रबरी वाट्या असतात, आमच्याकडं त्यांना वायसर म्हणतात. ते सगळे नवे घातले. आठ दिवस ब्रेक असा लागत होता की सवारी एकमेकांच्या मांडीवर येऊन पडायची. आप्पा खूश.

नवव्या दिवशी मी पुढं शेजारी बसलो होतो. दुपारची वेळ. घाट सुरू झाला, न्यूटल पडला. दोन वळणं गेली. तिसऱ्याला गाडी आपोआप जड चालायला लागली. आप्पांचा पाय पेडलवर नव्हता, तरी.

"बग, उस्तादनं किती टाइट ब्रेक केलेत!"

मग वास आला. ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास एकदा नाकात गेला की जात नाही. मी म्हटलं, आप्पा, थांबवा. ते म्हणाले, उतारावर कुठं थांबवू, पुढं सपाटी हाय. आणि पुढच्या वळणाला त्यांनी पेडल दाबलं, ते सरळ तळाला जाऊन टेकलं.

आप्पा ओरडले नाहीत. पेडल दाबत राहिले, दाबत राहिले. लोण्यात पाय घालावा तसा पाय जात होता. मी हँडब्रेककडं झेपावलो, तर त्याची केबल कधीचीच तुटलेली. दांड्यावर आप्पांचा टॉवेल वाळत होता! गिअर घालायला गेले, तो करकरून बाहेर फेकला गेला. दुसऱ्यांदाही फेकला. तिसऱ्यांदा इंजिनानं अशी किंकाळी फोडली की मला वाटलं आता हेच फुटणार. थोडा वेग उतरला. तेवढ्यात आप्पांनी डावं अंग डोंगराच्या मातीला लावलं. पत्रा खरवडत, दगड उडवत गाडी गेली, गेली, आणि उभी राहिली.

पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मागं सवारीच्या टोपलीतल्या कोंबड्यासुद्धा नाहीत. मग मागून एक म्हातारी म्हणाली,

"आप्पा, म्या हितं नाय उतरनार. मला चाळीसगावचं काम हाय!"

कन्नडच्या बाजारात लोकांनी आप्पांना शाल-नारळ दिला. का, तर त्यांनी गाडी डोंगराला टेकवली! बिनब्रेकची गाडी घाटात घातली याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आप्पांनी शाल घेतली. घेतली ती घेतली, वर भाषण केलं.

*

सुट्टी संपली. मी पॉलिटेक्निकला परत गेलो. तिथं एक सर ऑटोमोबाइल शिकवायचे. ब्रेकचा तक्ता भिंतीवर, हातात छडी, "हा मास्टर सिलिंडर, हा व्हील सिलिंडर." माणसानं आयुष्यात चाकातला ब्रेकचा ड्रम उघडला नव्हता. बोटं बघितली की कळतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, सर, नवे वायसर घातल्यावर आठच दिवसांत ब्रेक जाम कसे होतात? आणि जाम झालेला ब्रेक एकदम सैल कसा पडतो?

सरांनी तक्त्याकडं बघितलं. तक्त्यात उत्तर नव्हतं.

"हे परीक्षेला येत नाही."

"सर, घाटात येतं!"

वर्ग हसला. सरांनी मला बाहेर काढलं. दाराबाहेर मी बराच वेळ उभा होतो आणि मला एकाच गोष्टीचा राग येत होता. माझा बाप आत्ता, या तासाला, घाटात असेल. आणि ज्याला पगार मिळतो शिकवायचा, तो मला परीक्षा सांगतोय. आठवड्याभरात मी वह्या रद्दीत घातल्या आणि शहागंजला उस्तादच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. आप्पा सहा महिने सगळ्यांना सांगत होते की पोराला सुट्टी लागलीय.

*

उस्तादचं एकच औषध. उघडायचं आणि घासलेटात धुवायचं. इंजिन असो, गिअरबॉक्स असो, मोठी परात भरलेली असते, त्यात सगळं. परात त्यांच्या उस्तादची आहे. तिला ते पाय लागू देत नाहीत.

गुलमंडीतल्या एका कापडवाल्या शेठची नवी जीप आली. गरम होते. चौकापर्यंत गेली की रेडिएटर उकळतो. उस्तादनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. डॉक्टर काय ऐकेल असं ऐकलं.

"हेड उतारो."

मी म्हटलं, उस्ताद, समोर ते बघा ना... उस्ताद म्हणाले, "चुप. सुनने दे."

तीन दिवस. इंजिनावरचं हेड उतरलं, धुतलं. पाण्याचा पंप उतरला, धुतला. सगळं जोडलं. शेठ चौकापर्यंत गेले आणि उकळत परत आले.

मग मी काही न बोलता पुढं गेलो आणि रेडिएटरपुढच्या जाळीवरचं रेक्झिनचं कव्हर काढलं. लाल, त्याला पिवळ्या झालरी, मधे मोर. वारा जायला बोट शिरेल एवढीही फट नव्हती. शेठला म्हटलं, आता जाऊन या. गेले, आले. गाडी थंड!

उस्ताद माझ्याकडं वळले. "तू पैले कायकू नै बोल्या?"

"बोललो होतो. तुम्ही चुप म्हणालात."

"तो जरा जोर से बोलना था ना!"

शेठ मात्र कव्हर परत बांधायला लागले. म्हणाले, "इंजिन बदलायचं तर बदला, पण हे राहू द्या. सासऱ्यांनी दिलंय."

*

आप्पांच्या ब्रेकचं कोडं मला तिथंच सुटलं, त्या परातीपाशी.

वायसरचं नवं किट येतं त्या खोक्यात बोटभर एक इंग्रजी चिटोरं असतं. सगळे मिस्त्री त्याला हात पुसतात. मी एक दिवस पुसायच्या आधी वाचलं. लिहिलं होतं की हे रबर फक्त ब्रेक ऑइलनंच धुवा. घासलेट, डिझेल, पेट्रोल, ग्रीस, काही लागू देऊ नका, रबर फुगतं.

मी मान वर केली. समोर उस्ताद नव्याकोऱ्या वायसरना परातीत अंघोळ घालत होते.

सगळं जुळलं. रबर घासलेट पितं, हळूहळू फुगतं, सिलिंडरात अडकतं. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. ड्रम तापतो, आतलं ऑइल उकळतं, आणि मग पेडल जातं तळाला. आप्पांच्या पायाखाली गेलं होतं तसंच. त्या दिवशी घाटात आम्हाला मारायला निघालं होतं ते डोंगर नव्हता, नशीब नव्हतं. ती परात होती.

मी चिटोरं मोठ्यानं वाचून दाखवलं. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. उस्तादनी बिडी पेटवली.

"मेरे उस्ताद पोलीस अ‍ॅक्शन के बाद मिलिटरी की छोडी हुई जीपां इसीच परात में धोये. मैं बारा साल का था, तब से धो रा हूं. कागद पढ के ब्रेक लगते तो पोस्टमन कू मिस्त्री बनाता मैं!"

आप्पा तिथंच बसले होते. त्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी उस्तादला टाळी दिली. टाळी! ज्या हातानं स्टेअरिंग धरून ते मरता मरता वाचले होते त्याच हाताची!

आणि उस्तादनी आप्पांच्या जीपला परत नवे वायसर घातले. घासलेटात धुऊन.

*

मी हॉटेलातून चहाचे दोन ग्लास आणले. एकात घासलेट, एकात ब्रेक ऑइल. एकाच खोक्यातले दोन वायसर एकेकात टाकले. भिंतीवर ठेवले आणि सगळ्यांना सांगितलं, उद्या दुपारी बघू.

उस्ताद म्हणाले, "बच्चों का खेल." पण त्या दिवशी ते चार वेळा त्या भिंतीशी गेले. एकदा तर दाढी खाजवायला गेले म्हणाले. दाढी काय भिंतीशीच खाजते?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही वायसर मी त्यांच्या तळहातावर ठेवले. ऑइलमधला होता तसा. घासलेटातला पुरीसारखा फुगलेला. मी म्हटलं, हा सिलिंडरात घालून दाखवा.

त्यांनी घातला. जाईना. अंगठ्यानं दाबला. अंगठा लाल झाला, वायसर जाईना.  उस्तादनी ते रबर उजेडात धरून उलटसुलट केलं. मला वाटलं, झालं, जिंकलो.

"माल डुप्लिकेट है."

"उस्ताद, दोन्ही एकाच खोक्यातले आहेत!"

"तो दोनों में से एक डुप्लिकेट है!"

आप्पांनी परत टाळीला हात उचलला. या वेळी मात्र उस्तादनी हात पुढं केला नाही.

*

त्या रात्रीच्या गाडीनं मी वस्तीवर गेलो. पहाटे आप्पा उठायच्या आत जीपची चारही चाकं उतरवली, आतले ब्रेकचे सिलिंडर काढले, आईच्या ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. चाकं परत चढवली. चोरी वाटत असेल तर वाटू द्या.

आप्पांना कळलं. मग माझ्याशी बोलायचे बंद झाले. बाप-लेकाचं सगळं बोलणं आईमार्फत.

"त्याला म्हणावं, किल्ली दे."

"त्यांना म्हणावं, घासलेटाचे वायसर गाडीत जाणार नाहीत."

"त्याला म्हणावं, तुझ्या बापाला शिकवतो का?"

"त्यांना म्हणावं, व्हय!"

आई भाकरी थापत होती. दोघांकडं बघतही नव्हती.

चौथ्या दिवशी सवारी दारात येऊन उभी. चाळीसगावला लग्न, सात-आठ माणसं, नटलेली. आप्पांनी मला ऐकू जाईल असं सांगितलं, "बसा. ब्रेक नसला तरी घाट मला पाठ हाय." आणि खरंच स्टार्टर मारला. माणसं चढायला लागली! आप्पांना कोण नाही म्हणणार? शाल मिळालेला माणूस!

मी पुढच्या चाकासमोर जमिनीवर बसलो. आप्पांनी हॉर्न वाजवला. मी बसलेलो. इंजिन चालू, बंपर माझ्या छातीशी. बापाचा राग मला माहीत आहे. त्या क्षणी ते क्लच सोडतील की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

आई पिठाच्या हातानं बाहेर आली. जीप आणि मी यांच्या मधे उभी राहिली. आधी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्यांच्या गाडीला ब्रेक नाय, अन् तुझ्या तोंडाला नाय. मी मेली तरी तुमी दोघं थांबणार हाय का?"

आप्पांनी इंजिन बंद केलं. लग्नाची माणसं एसटीनं गेली. जेवताना आप्पा आईला म्हणाले, "त्याला म्हणावं, कर तुझ्या हातानं. पण उस्ताद पास म्हणला तरच गाडी घाटात घालीन. नाय म्हणला तर उस्ताद घालील ते वायसर घालायचे अन् परत बोलायचं नाय."

*

आता शेवटचा.

पुढच्या बंपरच्या हुकात दोर घालून, दुसऱ्या जीपला बांधून आम्ही आमची जीप गॅरेजमध्ये ओढत आणली. तीन दिवस मी एकट्यानं काम केलं. ट्रंकेतले सिलिंडर, नवे होज म्हणजे ब्रेकच्या रबरी नळ्या, नवे वायसर, प्रत्येक गोष्ट ब्रेक ऑइलमध्ये धुतलेली. परात मी दाराबाहेर नेऊन ठेवली होती. उस्ताद जुन्या टायरवर बसून बघत होते.  चौथ्या दिवशी मी पाइपातली हवा काढायला घेतली, ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकापासून.

"दूर का पैया पैले," ते म्हणाले.

बरोबर होतं. पेडलपाशी असतो त्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाची हवा आधी काढायची असते. मी विसरलो होतो. परत पहिल्यापासून काढली. राग आला, पण काढली.

काम झालं. आप्पा म्हणाले, "उस्ताद, पास का?"

उस्ताद उठले. "पास-नापास मैं नै बोलता. मेरे उस्ताद का कायदा है. जिसने ब्रेक का काम किया वो दीवार कू पीठ लगा के खडा रैता, और गाडी उस पे आती. रुकी तो पास."

मी म्हटलं, कबूल. पण इथं नाही. थंड ब्रेक कुणाचाही लागतो. घाट उतरून, ड्रम तापल्यावर, खाली उभा राहतो.

मला वाटलं ते हसतील. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "चलो." शहर सोडून ते शेवटचे कधी बाहेर गेले होते, त्यांच्या घरच्यांनाही आठवत नव्हतं.

मागं अकरा पोती वाळू भरली, अकरा सवाऱ्यांच्या वजनाची. आप्पा स्टेअरिंगवर, मी शेजारी, उस्ताद मागं पोत्यांवर. घाटाच्या तोंडाशी मी म्हटलं, आप्पा, गिअरमध्ये उतरवा.

ते मागं उस्तादला म्हणाले, "त्याला म्हणावं, मी रोज जसा उतरतो तसाच उतरणार. नायतर पारख कशाची?" आणि न्यूटल.

पहिलं वळण. दुसरं. तिसरं. आप्पा ब्रेकवर पाय ठेवूनच होते, मुद्दाम. मी समोरच्या काचेची दांडी घट्ट धरली होती. चौथ्या वळणाला वास यायला लागला. तोच वास. मी आप्पांच्या पायाकडं बघत होतो. पाय दाबला, पेडल वर राहिलं. समोर दरीतून ट्रक वर आला, आप्पांनी आत घेतली, दाबलं. वर राहिलं. जिथं त्या दिवशी पत्रा खरवडला होता तिथं आलो.  दाबलं. वर राहिलं. मागं वळून बघितलं तर उस्तादच्या ओठात बिडी विझलेली होती आणि त्यांनी दोन्ही हातांनी दोन पोती कवटाळली होती, लेकरं धरावीत तशी.

खाली उतरलो. सपाटीवर बंद पडलेल्या खडी केंद्राची एक दगडी भिंत आहे. ड्रममधून धग मारत होती. मी उतरलो आणि भिंतीकडं चालायला लागलो.  भिंतीला पाठ लावली. दगड उन्हानं तापलेला.

उस्ताद माझ्या मागोमाग आले होते.

"हट."

"उस्ताद, काम माझं आहे. तुमचाच कायदा."

"काम तेरा है. गॅरेज किसका है?"

"पण तुम्हाला तर यावर भरोसा नाही!"

"मैं कब बोल्या है करके?" त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, टोपी सारखी केली आणि मला बाजूला सारून भिंतीला पाठ लावली. "आप्पाऽ! तिसरे गिअर में लाओ!"

आप्पांनी जीप दोनशे पावलं मागं नेली. मी पळत जाऊन शेजारी चढलो. आप्पा निघाले. पहिला, दुसरा, तिसरा. आणि तीस फूट अलीकडंच त्यांनी ब्रेक दाबला. गाडी जागेवर उभी.

भिंतीपासून उस्ताद ओरडले, "ये ब्रेक देखा या अपना कलेजा? पीछे लो! फिर से!"

आप्पांनी गाडी मागं घेतली. स्टेअरिंगवरचे हात काढून धोतराला पुसले. आठ दिवसांत पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले.

"लागंल ना?"

"लागंल."

"कशावरनं?"

मी काचेची दांडी धरली.

पहिला. दुसरा. तिसरा. या वेळी आप्पांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललाच नाही. भिंत मोठी व्हायला लागली. तिच्यासमोरचा पांढरा ठिपका, मग पांढरा माणूस, मग त्याची टोपी, मग त्याची दाढी. मघाची तीस फुटांची जागा मागं गेली. मी माझा पाय खालच्या पत्र्यावर जीव खाऊन दाबत होतो, तिथं पेडल नव्हतं तरी. "आप्पा!" मी ओरडलो. तेव्हा त्यांनी दाबला.

चाकं किंचाळली. वाळूची पोती येऊन आमच्या पाठीवर आदळली. माझं कपाळ काचेवर. इंजिन गचका खाऊन बंद पडलं आणि सगळीकडं धूळ. समोर भिंत दिसेना, उस्ताद दिसेनात, काही दिसेना. आप्पांचा पाय पेडलवर तसाच. दोघांपैकी कुणीच खाली उतरायला तयार नाही.

मग धुळीतून आवाज आला. सावकाश, गॅरेजमध्ये चहा सांगावा तसा.

"आप्पा."

"ओ!"

"जरा पीछे लो. पैजामा हुक में अटक्या."